पटेल असं खोटं

गेम दिसायला देखणा होता, त्यात वाद नव्हता. डोंगरावरून ऊन सरकायचं, घोड्याच्या नाकातून वाफ निघायची, नदीत हात घातला की पाणी मनगटापाशी फुटायचं. तरी चाचणीला बसवलेली माणसं गेममधल्या नगराच्या चौकात यायची, इकडेतिकडे बघायची आणि खिशातून फोन काढायची. काचेपलीकडे उभं राहून हे बघणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाचं तोंड दिवसेंदिवस आंबट होत चाललं होतं.

"रक्त आटवलं आपण," तो म्हणाला, "आणि ह्यांना जांभया येताहेत. ह्यांना आत ओढायचं तरी कसं?"

कुणी म्हणालं सावल्या गडद करा, कुणी म्हणालं पावलांचा आवाज वाढवा. पात्रांचे संवाद लिहिणारी बाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला सगळे धाकटी म्हणत. तिच्या मोठ्या बहिणीने एकदा ऑफिसात फोन करून "धाकटी आहे का?" असं विचारलं होतं, तेव्हापासून ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

"सावल्यांचं काही नाही," धाकटी म्हणाली. "आपल्या नगरातली माणसं खेळणाऱ्याची वाट बघत ताटकळलेली असतात. तो आला की बोलायला लागतात, गेला की मुक्या. खऱ्या गावात आपल्यासाठी कोण थांबलेलं असतं? ज्याचं त्याचं काहीतरी चाललेलं असतं आणि आपण मध्येच जाऊन उभे राहतो."

"मग?"

"मग एक तरी माणूस असा करूया, ज्याला खेळणाऱ्याचं काही पडलेलं नाही. तो दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघतोय."

बोलता बोलताच तिला कळलं, की आपण ताईबद्दल बोलतोय. थांबावं असं मात्र तिला वाटलं नाही.

ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा, पडद्याआड माप द्यायला हातभर जागा. भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. शांत माणूस. कुठलीही वस्तू खडखडलेली त्यांना सोसायची नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सारून मगच बसायचे. एका दुपारी ते घरातल्या सपाता घालून खाली उतरले आणि परत आले नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. लोकांनी सुरुवातीला हळहळ केली, मग कुजबुज केली, मग विषय सोडला. ताईने तो सोडला नाही. गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी धरताना ती तोंडातल्या टाचण्यांमधूनच विचारायची, "तुमचं गाव कुठलं? येताना गर्दी होती का?" आणि उत्तर ऐकताना तिचे हात थांबायचे.

धाकटीने हे सगळं उचललं. टाचण्या, थांबणारे हात, गर्दीची चौकशी. गेममधल्या नगरात एक शिंपीण झाली. खेळणाऱ्याचा फाटलेला अंगरखा शिवता शिवता ती हरवलेल्या नवऱ्याबद्दल विचारायची. आवाजासाठी तीन नट्या आणून पाहिल्या. तिघींचाही आवाज दुःखाने नुसता ओथंबलेला.

"फार रडव्या आहेत," प्रमुख म्हणाला. "खरी बाई अशी बोलते का?"

"माझ्या बहिणीला बोलावते," धाकटी म्हणाली.

ताईला मौज वाटली. ठेवणीतली साडी नेसून ती आली. भिंतींना स्पंज लावलेल्या त्या खोलीत शिरताना तिने दाराच्या गादीला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "शिवण उसवलीय इथे. कोणी केलंय हे?" ध्वनीवाला हसला. माइकसमोर मात्र तिची बोबडी वळली. शेवटी तिने पर्समधून टाचण्या काढल्या, ओठांत धरल्या, आणि मग काय विचारता! वाक्यामागून वाक्यं अशी आली, की ध्वनीवाल्याने कानावरचे हेडफोन काढून धाकटीकडे नुसतं बघितलं.

"ही बाई कोण आहे गं गेममधली?" बाहेर आल्यावर ताईने विचारलं.

"आहे एक शिंपीण. तिचा नवरा बाहेरगावी असतो."

ताईने हातातला चहा अर्धाच प्यायला आणि कप खाली ठेवला.

पुढच्या चाचणीत माणसं शिंपिणीच्या दारात रेंगाळली. एका बाईने तर लढाई सोडून, काही गरज नसताना, परत परत अंगरखा फाडून आणला. प्रमुख खूश झाला, पण त्याला आता चटक लागली होती.

"खेळणाऱ्याने तिला खोटं सांगितलं तर? 'मी तुझ्या नवऱ्याला पाहिलं' म्हणाला तर?"

"तसा पर्याय आपण दिलेला नाही."

"तूच म्हणतेस ना, जगात आपल्या बोलण्याने काहीतरी मोडलं पाहिजे? ज्या जगात खोटं बोलून कुणाचं काही बिघडत नाही, ते जग खोटं. दे पर्याय. एकदा दोष लागला की माणूस त्या जगाचा झाला. मग त्याला चौकात उभं राहून जांभई येणार नाही."

हे त्याचं बोलणं धाकटीच्याच तोंडचं होतं. कधीतरी जेवताना ती ते फुशारकीने बोलली होती. तिने पर्याय लिहिला. शिंपिणीची उत्तरंही लिहिली आणि ताईला पुन्हा बोलावलं.

ह्या वेळी काही केल्या जमेना. "खरंच? कुठे पाहिलंत?" हे ताई असं म्हणायची, जसं कुणी बटणांचा भाव विचारतंय. टाचण्या झाल्या, दिवे मंद करून झाले.

"नाही होत गं," ताई काचेपलीकडून म्हणाली. "आनंद कसा करतात तेच विसरले मी."

प्रमुख धाकटीच्या कानाशी वाकला. "तिला खरंच काहीतरी सांग. आत माइक चालू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला कळलंय."

कळलं होतं. ते आधीपासून तिच्याही मनात होतं, आणि त्याने ते बोलून दाखवल्यावर तिला सुटल्यासारखंच वाटलं. तिने आवाज आत पोचवणारं बटण दाबलं.

"ताई, एक सांगायचं होतं. सांगू की नको असं झालंय. आमच्या ऑफिसातली एक बाई सुट्टीत बंदराच्या गावी गेली होती. तिला मी फोटो दाखवला होता मागे. तिला वाटतं तिने भावोजींना पाहिलं."

हे एवढ्याने पटणार नाही, हे धाकटीला तिच्या कामाच्या सवयीने कळलं. फक्त 'पाहिलं' म्हणून माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तिने क्षणभरच विचार केला.

"बोटीच्या तिकीट खिडकीपाशी रांगेत होते म्हणे. वाऱ्याने खिडकीची काच खडखडत होती. तर ह्या माणसाने खिशातून कागद काढला, त्याची घडी घातली आणि काचेच्या फटीत खोचली. मग तिकीट घेतलं."

ताईच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून खाली पडल्या.

"पायात काय होतं?" तिने विचारलं.

आणि मग ती बोलत सुटली. "बारीक झालेत का? तिने हाक मारली का? का नाही मारली? मारायची ना हाक! थांब, मला बसू दे. नको, नको बसत. घडी घातली म्हणाली ना ती? दुहेरी घातली असणार. दुहेरीच घालतात ते." ती हसत होती की रडत होती हे काचेबाहेर कुणालाच कळत नव्हतं. तिने एका हाताने माइकचा दांडा धरला होता, पडणारा माणूस खांब धरतो तसा.

प्रमुखाने हवेत मूठ आवळली. ध्वनीवाल्याने मान खाली घातली, पण बटणावरचं बोट काढलं नाही.

ताई धावत बाहेर आली आणि तिने धाकटीला मिठी मारली. एवढी घट्ट मिठी तिने आईच्या मरणातही मारली नव्हती. धाकटीने तोंड उघडलं. सांगायचं ते जिभेवर होतं. पण ताई तिच्या खांद्यात पुटपुटली, "सगळ्यांनी मला वेडी ठरवलं होतं, धाकटे. एक तू नाही ठरवलंस." ते ऐकून धाकटीने तोंड मिटलं. उद्या सांगू, घरी जाऊन नीट सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानावर गेली तर दाराला कुलूप होतं. ताई पहाटेच्या गाडीने बंदराला गेली होती.

गेम बाजारात आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. जो तो शिंपिणीबद्दलच बोलत होता. लढाया जुन्याच आहेत, राक्षस नेहमीचेच, पण त्या बाईशी खोटं बोलल्यावर रात्री झोप लागत नाही, असं लोकांनी लिहिलं. काहींनी खोटं बोलून पश्चात्तापाने गेमच बंद केला. आणि काहींना त्याची गोडीच लागली. ते रोज जायचे, रोज तिला नवऱ्याची खबर द्यायचे, तिचं ते "थांब, मला बसू दे" ऐकायचे आणि मित्रांना ऐकवायचे. तिला कोण किती वेळा रडवतो अशी चढाओढ सुरू झाली. प्रमुखाने पेढीवर बसलेल्या माणसासारखं पोटावरून हात फिरवत ते आकडे सगळ्यांना दाखवले. धाकटीला बढती मिळाली, खिडकीजवळची खोली मिळाली.

ताई सुरुवातीला आठवड्यातून एकदा बंदराला जायची, मग मुक्कामाला राहायला लागली. धाकटी फोनवर "ताई, अगं ती बाई चुकलीही असेल" असं म्हणायची आणि ताई "हो, हो" म्हणून विषय बदलायची. एक दिवस दुकानाच्या घरमालकाचा फोन आला. तुमच्या बहिणीने दुकान सोडलं, पाटीसुद्धा उतरवली, तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा. तेव्हा मात्र धाकटी जागची उठली. तिने फोनमध्ये ते ध्वनिमुद्रण घेतलं आणि बंदराची गाडी धरली.

ताईने धक्क्यासमोरच्या इमारतीत एक खोली घेतली होती. मशीन खिडकीला लावलेलं, म्हणजे शिवताना तिकीट खिडकी दिसावी. ती वाळली होती, पण चेहऱ्यावर तरतरी होती. धाकटीला बघून ती नवी नवरी माहेरच्या माणसाला बघून हरखते तशी हरखली.

"बस. चहा टाकते."

"ताई, चहा नको. मी खोटं बोलले होते."

"काय?"

"कुणी भावोजींना पाहिलं नाही. ऑफिसात अशी बाईच नाही. तुझा आवाज हवा होता आम्हाला, म्हणून मी रचून सांगितलं. हे ऐक." तिने ध्वनिमुद्रण लावलं. काचेबाहेरच्या टेबलावरचा माइकही तेव्हा चालूच होता, म्हणून आधी प्रमुखाची कुजबुज आली, आत माइक चालू आहे म्हणणारी, मग धाकटीचा आवाज, मग ताईचा. ताईने शांतपणे, मान तिरकी करून सगळं ऐकलं. काचेच्या फटीतल्या घडीपाशी ती हसली.

"कळलं का?" धाकटी रडत म्हणाली. "तो मला तुझ्याशी काहीतरी बोल म्हणाला, आणि मी बोलले. वाटेल ती शिक्षा दे मला, मार मला, पण घरी चल."

"त्याने बोल म्हटलं, हे खरं," ताई म्हणाली. "पण ते घडीचं त्याने सांगितलं होतं का?"

"नाही. ते मी रचलं."

"कुणी रचतं का असं?" ताईने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "खोटं बोलणारा म्हणेल, पाहिलं, बरे होते, बारीक झाले होते. काच खडखडली आणि फटीत कागद खोचला, हे बघितल्याशिवाय कुणाला सुचणार? तुला लहानपणी निबंध सुचायचा नाही, मी सांगायचे."

"अगं हेच माझं काम आहे, ताई! पटेल असं लिहायचं, ह्याचाच पगार घेते मी!"

"ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत." ताईने मशीनवरचं कापड सरळ केलं. "तुला मला परत न्यायचंय. लोक नावं ठेवत असतील तुला, बहिणीला असं सोडलं म्हणून. म्हणून हे सगळं घेऊन आलीस. मी रागावले नाही."

धाकटीने शपथा घेतल्या. प्रमुखाला फोन लावला, पण त्याने उचलला नाही. आईची आण घातली. ती जितकी तळमळून बोलत होती, तितकी ताई मऊ होत होती. तापात बरळणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा, तशी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"शिवाय मी स्वतः पाहिलंय," ताई हळूच म्हणाली.

"कुणाला?"

"दोनदा. पाठमोरे. एकदा बोट सुटतानाच बघितले, धावले पण गाठता आलं नाही. चाल त्यांचीच."

खाली बोटीचा भोंगा झाला आणि ताई तत्काळ उठून खिडकीशी गेली. उतरणारा माणूस अन् माणूस तिने नजरेखालून घातला. धक्का रिकामा झाल्यावर ती वळली. चेहरा आता कामाला लागलेल्या बाईसारखा होता.

"धाकटे, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तू इथे येत जाऊ नकोस."

"का?"

"त्यांना तू आवडायची नाहीस. कधी बोलले नाहीत, पण मला कळायचं. तू समोरच्या माणसाकडे टक लावून बघतेस, त्याचं काहीतरी काढून घ्यायचं असल्यासारखं. त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. तू इथे दिसलीस तर ते वर यायचे नाहीत."

तिने धाकटीची पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. "परतीची गाडी अर्ध्या तासाने आहे. नाक्यावरून मिळते. पळ, नाहीतर उभ्याने जावं लागेल."

धाकटी दोन पायऱ्या उतरली आणि वळली, पण ताईने दार लावून घेतलं होतं. आत मशीन सुरू झालं.