चौथ्या कॅमेऱ्यातले अकरा सेकंद

थोरली कुस्तीच्या कंपनीत व्हिडिओ संकलनाचं काम करायची. तिथेही तिला सगळे थोरलीच म्हणत, कारण धाकटी बहीण त्याच इमारतीत तिकीट विभागात होती आणि फोनवर दोघींचे आवाज ओळखू येत नसत. बाप याच कंपनीचा एके काळचा विजेता. आखाड्यातलं त्याचं नाव पहाड. आता पासष्टी उलटली होती, तरी रस्त्यात कुणी ना कुणी अजून ओळख देऊन थांबायचं.

त्या वर्षी कंपनीने एक यादी करायला घेतली: कुस्ती बदलून टाकणारे दहा पे-पर-व्ह्यू कार्यक्रम. म्हणजे रोजच्या रोज फुकट दिसणारा खेळ नाही, तर लोकांनी वेगळे पैसे भरून घरी बसून पाहिलेले मोठे दिवस. निर्मात्याने बैठक बोलावली आणि दोन तास नुसती हमरीतुमरी झाली. शिडीवर चढून वर टांगलेला विजेतेपदाचा पट्टा काढायची लढत पहिल्यांदा झाली तो कार्यक्रम वर की बायकांची लढत पहिल्यांदा शेवटी ठेवली तो वर, यावरून दोन जाणती माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. पहिल्या क्रमांकावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. निर्माता थोरलीकडे न बघताच म्हणाला, की त्या कार्यक्रमाचं संकलन तिने केलं तर बरं, आणि नको असेल तर दुसऱ्या कुणाला देऊ.

थोरलीने हो म्हटलं.

ही कुस्ती आधी ठरवून खेळतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मार खरा, पडणं खरं, पण कोण जिंकणार ते दुपारीच ठरलेलं. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या क्रमांकाच्या त्या कार्यक्रमात, पहाड जिंकणार असं ठरलं होतं. प्रतिस्पर्ध्याने त्याला डोक्यावर आपटलं, पायांच्या पेचात धरलं, आणि पहाडने हार मानली नसतानाच पंचाने घंटा वाजवायला सांगितली. पट्टा गेला. उठून पहाडने पंचाला असं ढकललं की तो दोरावरून बाहेर गेला. सभागृहात लोकांनी खुर्च्या फेकल्या. पहाड दुसऱ्या कंपनीशी बोलणी करतोय म्हणून मालकाने पाठीमागून काटा काढला, असं दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला. मालकाने ना हो म्हटलं ना नाही. उलट पुढच्याच महिन्यात तो स्वतः खलनायक होऊन पडद्यावर आला आणि कंपनीची भरभराट झाली. तेव्हापासून प्रेक्षक आखाड्यापेक्षा पडद्यामागे जास्त बघायला लागले. जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लोकांना त्या एका कार्यक्रमाने लावली.

आणि तो पंच होता थोरलीचा सख्खा मामा.

त्या दिवशी थोरली बारा वर्षांची होती. आईने घरी टीव्हीसमोर सगळं पाहिलं आणि टीव्ही बंद करून ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. पंच असलेल्या आपल्या धाकट्या भावाचं नाव तिने त्यानंतर घरात काढू दिलं नाही. तो दर वर्षी तिच्या वाढदिवसाला फोन करायचा. आवाज ओळखला की ती फोन ठेवायची.

जुन्या टेप संगणकावर उतरवताना थोरलीला चुकीच्या खोक्यात एक टेप मिळाली. वर कुठल्याशा बक्षीस समारंभाचं लेबल होतं, आत मात्र त्या लढतीचा चौथा कॅमेरा. हा कॅमेरा आखाड्याच्या कोपऱ्यात जमिनीलगत ठेवलेला असे आणि त्याचं चित्रण फारसं कुणी वापरत नसे. घंटेच्या आधी दिग्दर्शकाने मालकाचा चेहरा दाखवला होता, म्हणून आखाड्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते जगाने कधी पाहिलंच नव्हतं. चौथ्या कॅमेऱ्याने पाहिलं होतं. आवाज नव्हता. पहाड पालथा पडलेला, मामा गुडघ्यावर बसून वाकलेला, आणि पहाडचे ओठ हलत होते. मामाने मान हलवून नाही म्हटलं. ओठ पुन्हा हलले. मग मामा उठला आणि त्याने घंटेवाल्याकडे हात केला. ओठ हलल्यापासून घंटेपर्यंत अकरा सेकंद.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिने ते अकरा सेकंद चाळीस वेळा तरी पाहिले असतील. बाबांनीच सांगितलं? म्हणजे दोघे मिळालेले होते? फसवणूक हाच मुळात ठरवलेला खेळ होता आणि घरात आई तेवढी खरीखुरी दुखावली होती? त्या दिवसापासून तिला बापाचं साधं बोलणंही ऐकवेना. तो मुलाखतीत दगाबाजीची गोष्ट सांगायचा तेव्हा कुठे थांबतो, कुठे सुस्कारा टाकतो हे तिला पाठ होतं. आता तिला वाटू लागलं, की पाठ ते त्यालाही आहे.

तिने कुणाला न सांगता मामाला गाठलं. त्या लढतीनंतर त्याला कुठल्याही आखाड्यात उभं केलं नव्हतं. लोक तोंडावर थुंकायचे. आता तो एका पोहण्याच्या तलावावर देखरेख करायचा. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, डोक्यावरचे केस पार गेलेले. तिला पाहून तो इतका गडबडला की त्याने तिला बसायला ओली खुर्ची दिली.

तिने फोनवर ते दृश्य दाखवलं. त्याने एकदाच पाहिलं आणि फोन परत केला.

“ओठ हलले म्हणजे माणूस बोललाच असं नाही, पोरी,” तो म्हणाला. “धापा टाकत असतील.”

“तू मान हलवलीस, मामा. धापांना कुणी नाही म्हणत नाही.”

त्यावर तो तलावातल्या एका पोरावर ओरडला; ते पोर ओरडण्यासारखं काही करत नव्हतं. मग ताईची तब्येत कशी आहे, गुडघे दुखतात का, धाकटीचं लग्न कुठे ठरलं, असं विचारत राहिला. निघताना म्हणाला, की ती टेप हरवली तर जगाचं काही बिघडणार नाही. थोरलीचा संशय तिथे दुप्पट झाला. लबाड माणूस स्वतःची बाजू मांडतो. हा तर बावीस वर्षं शिव्या खाऊन अजून कुणाची तरी पाठराखण करत होता.

परत येऊन तिने ओठ सोडले आणि बाकीचं बघायला घेतलं. तेव्हा तिला हात दिसले. मामाने वाकल्यावर पहाडचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि सोडला. तो ओल्या टॉवेलसारखा पडला. डावाही तसाच. बोटं उघडीच्या उघडी. नाटक करणारा माणूस पेचात असताना बोटं आवळतो, जमिनीवर आपटतो. लहानपणापासून तिने बापाला घरी आरशासमोर ते करताना पाहिलं होतं. इथे बोटांत जीवच नव्हता. आणि तिला आठवलं, की वडील शर्टाची बटणं स्वतः लावत नाहीत. आई लावते. घरात सगळे ते लाड समजून हसायचे.

रविवारी दुपारी ती आईवडिलांकडे गेली. आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती, बाबा टेबलाशी वर्तमानपत्र पसरून बसले होते. तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला. दृश्य संपलं तरी ते काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

“हे कुठे मिळालं?”

“ते जाऊ दे. बाबा, तुमच्या हातांना काय झालं होतं?”

आईचं फडकं थांबलं.

मग बाबांनी सांगितलं; आजवर सांगत आले त्याच्यापेक्षा फार कमी शब्दांत. डोक्यावर आपटल्यावर मानेत कळ आली आणि दोन्ही हात गेले. खरंच लागलं तर पंच दोन्ही हातांची फुली करतो, डॉक्टर धावत येतात आणि लढत तिथेच थांबते. पण फुली जगाने पाहिली असती तर मोडक्या मानेच्या माणसाला दुसऱ्या कंपनीने दारात उभं केलं नसतं. म्हणून त्यांनी मेहुण्याला फुली करू दिली नाही, घंटा वाजवायला लावली. पाव तासात हातात जीव परत आला, पुरता मात्र कधीच नाही. पण त्याआधी, नुसतेच पाय चालत होते तेव्हा, ते उठले तर सगळं सभागृह त्यांच्या बाजूने पेटलेलं. त्यांनी खांद्याने मेहुण्याला ढकललं, कारण लोकांना तेच हवं होतं. दुसऱ्या कंपनीचा करार दोन वर्षांचा होता. दोन वर्षांनी खरं सांगू, असं ठरलं होतं.

“मग?” आईने विचारलं.

“मग राहून गेलं.”

“मी माझ्या भावाचा फोन बावीस वेळा ठेवला,” आई म्हणाली. “आणि तुम्ही तिथेच बसलेले असायचात.”

बाबांनी मान खाली घातली. आईने फडकं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं, आणि मग थोरलीला म्हणाली की तिचा यातल्या एकाही शब्दावर विश्वास नाही. या माणसाने आयुष्यभर खोटं पडून दाखवलं, आता खोटं उठूनही दाखवत असेल. मालक मेला, तेव्हा यांना तपासलेला डॉक्टर कोण ते माहीत नाही, आणि कंपनीला यादीसाठी काहीतरी खमंग हवंच आहे. तिने थेट पोरीलाच विचारलं, की तूही यात आहेस का.

थोरलीच्या जिव्हारी लागलं, पण राग आला नाही. तिलाही पंधरवडाभर हेच वाटत होतं.

निर्मात्याची गत वेगळी नव्हती. तिने त्याला टेप दाखवून सगळं सांगितलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून हसला आणि पहाड पुन्हा आखाड्यात यायच्या तयारीत आहे का, असं विचारू लागला. नसेल तर ही गोष्ट कुणी रचली, दुसऱ्या कंपनीने? शेवटी त्याने अकरा सेकंद यादीत घेतले, बाबांची नवी मुलाखतही घेतली. ती बघून प्रेक्षकांत तट पडले आणि निम्म्याहून अधिक लोकांनी छातीठोक सांगितलं, की म्हातारा पैसे घेऊन बोलतोय. बाबा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले होते आणि लोकांनी त्यांच्या अभिनयाची तारीफ केली.

ती मुलाखत आईने पाहिली नाही. तिने भावाला स्वतः फोन केला, इकडची तिकडची चौकशी न करता दिवस आणि वेळ सांगितली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. दार थोरलीने उघडलं. तो आत येऊन बहिणीच्या पाया पडायला वाकला तर ती मागे सरली. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, नवऱ्याला बेडरूममध्ये, आणि दोन्ही दारं ओढून घेतली. थोरलीला सोबत राहायला सांगितलं, साक्षीला.

आधी ती नवऱ्याकडे गेली. त्या वेळी तुम्ही काय बोललात ते शब्दन् शब्द सांगा, म्हणाली. बाबांनी डोळे मिटून सांगितलं.

“हात कळत नाहीत. फुली नको. वाजव.”

मग ती स्वयंपाकघरात आली आणि भावाला तेच विचारलं.

“भावोजी म्हणाले, हात कळत नाहीत. मी नाही म्हटलं, मी फुली करणार होतो. तर म्हणाले, फुली नको, वाजव.” तो थांबला. “आणि म्हणाले, ताईला सांगू नकोस.”

“हे शेवटचं ते म्हणाले नाहीत.”

“म्हणाले, ताई. म्हणून तर मी इतकी वर्षं…”

आई परत बेडरूममध्ये गेली. थोरली मागोमाग गेली. आईने विचारलं, तेव्हा बाबांनी आधी नाही म्हटलं, मग आठवत नाही म्हटलं, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, “तुला कळलं असतं तर तू मला पुन्हा खेळू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं,” आई म्हणाली.

ती बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. थोरलीने हळूच विचारलं, की आता तरी पटलं का. आईने पदराने चष्मा पुसला.

“पटलं. ठरवून आले असते तर दोघांचं अक्षरन् अक्षर जुळलं असतं. एवढी वर्षं यांचं ठरवलेलंच बघतेय मी.”

मग तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि भावाशेजारी खुर्ची ओढून बसली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत तिने केस कधी गेले असं विचारलं, आणि तो एकेका वर्षाचा हिशेब सांगू लागला. बेडरूमचं दार तिने बंदच ठेवलं. ते दार कधी उघडायचं, हे थोरलीने तिला विचारलं नाही.