एकोणिसाव्यांदा

घशाचं ऑपरेशन झालं आणि ताईचा आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांनी लिहून बोलायला पाटी दिली. पण ताई म्हणजे ताई! "लिहिलेलं तुम्ही तुमच्याच आवाजात वाचता," एवढं लिहून तिनं पाटी कपाटावर टाकली आणि धाकट्या भावाला खुणेनं सांगितलं, जुना कॉम्प्युटर काढ.

त्यात भुताच्या बंगल्याचा खेळ होता, पंचवीस वर्षांपूर्वी भावानंच बनवलेला. माउसनं वस्तूवर क्लिक केलं की खेळातली बाई एक वाक्य बोलते. तो आवाज ताईचा. फुकटात मिळाली होती ना बहीण!

आता ताई तशीच बोलायची. जेवायला हाक मारली की विहिरीवर क्लिक. "खाली काहीतरी हलतंय." शेजारीण येऊन बसली, उठेचना, तर आरशावर क्लिक. "तू अजून इथेच?" बिचारी छत्री विसरून पळाली. दोघं पोट धरून हसले. ताईच्या हसण्याला आवाज नव्हता, म्हणून भावाचं हसू मध्येच विरलं.

मग घशातली गाठ पुन्हा आली. दुसरं ऑपरेशन करायचं का, उद्यापर्यंत सांगा, असं डॉक्टर म्हणाले. भावाचं ठरलेलंच होतं. एकुलती एक बहीण, हातावर हात ठेवून बसायचं की काय?

"ताई, हो म्हण ना," तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. खेळात "हो" नव्हतंच. भुताच्या बंगल्यात बाई कशाला हो म्हणेल, म्हणून त्यानंच ते गाळलं होतं.

ताईनं खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. जिना, दिवाणखाना, लांबलचक बोळ. खेळातली ती बाई मेली रखडत चालते, जीव नुसता टांगणीला! शेवटी ताईनं तळघराच्या दारावर क्लिक केलं.

"नको. मला आता पुढे जायचं नाही."

हे वाक्य त्यानं तिच्याकडून एकोणीस वेळा म्हणून घेतलं होतं. "भीती कुठाय, ताई? पुन्हा एकदा!" एकोणिसाव्यांदा तो खूश झाला होता. वा, काय घाबरलीये!

आज तेच ऐकलं आणि त्याला कळलं. ती तेव्हाही घाबरलेली नव्हती. दमली होती.

"ताई," त्यानं हात जोडले, "पुन्हा एकदा..."

स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि त्यानं जोडलेले हात सोडले. ताई त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोळे पुसले आणि डॉक्टरांना फोन लावला.

"ती नको म्हणतेय," तो म्हणाला.