ढिला हात

"पुसा. पुन्हा ठेवा."

सरहद्दीच्या नाक्यावर काचेमागच्या बाईने हे पाचव्यांदा सांगितलं. किल्लीवाल्याने अंगठा पँटवर घासला आणि मशीनच्या हिरव्या काचेवर ठेवला. मशीनने पुन्हा लाल दिवा दाखवला आणि एक चिडकी शिटी मारली.

"काका, तुम्हाला ठसेच नाहीत का हो?"

"कानशीने गेले," तो म्हणाला. "तीस वर्षं किल्ल्या घासतोय. किल्लीबरोबर बोटही घासलं जातं."

रांगेत मागून कोणीतरी बोललं, "मग बरंय की! घरफोडीला मोकळे!"

सगळे हसले. किल्लीवालाही हसला. न हसणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, हे तो फार पूर्वी शिकला होता.

बाईने त्याचा फॉर्म पुन्हा वरून खाली वाचला. नाव, बापाचं नाव, धंदा, भेटीचं कारण: मुलगी. मग चौदावा रकाना. तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? होय. नाही. 'नाही'च्या चौकटीत त्याची बरोबरची खूण होती, जरा वाकडी.

त्याच्या पुढे एक सुटातला माणूस होता. त्याने तीन वर्षांपूर्वी बांधलेली इमारत माणसांसकट बसली होती, पेपरात फोटो आला होता. त्याच्यावर खटले होते डझनभर, शिक्षा एकातही नव्हती. त्याने चौदाव्या रकान्यात 'नाही'वर खूण केली, आणि ती शंभर टक्के खरी होती. त्याला दोन मिनिटांत सोडलं, वर "हॅव अ नाइस ट्रिप" म्हटलं. फॉर्म फक्त सापडलेल्यांना प्रश्न विचारतो. बाकीच्यांना फॉर्म पेन देतो.

"बसा तिकडे. मोठ्या साहेबांना बोलावते. मशीन घेत नसेल तर शाईने घ्यावे लागतात ठसे."

शाई म्हटल्यावर त्याने अंगठा मुठीत घेतला. मग तो भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला, अगदी कडेला. शेजारी एका माणसाची जागा सोडून. ही त्याची जुनी सवय. दुकानात त्याच्यासमोर एक स्टूल होतं. गिऱ्हाईक उभं राहायचं, पण त्या स्टुलावर तो कोणाला बसू द्यायचा नाही. "पाय मोडलाय त्याचा," म्हणायचा. स्टुलाचे चारही पाय धडधाकट होते.

त्या स्टुलावर म्हातारा बसायचा.

म्हातारा म्हणजे एका गोदामाचा रखवालदार. बत्तीस वर्षं झाली त्याला मरून. तो काही बोलायचा नाही, डोळे वटारायचा नाही, रक्तबिक्त काही नाही. लोकरीची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि किल्ली घासली जाताना बघत राहायचा. जिवंतपणी एकदा तो असाच बसला होता. गोदामाचं कुलूप अडकत होतं म्हणून तेल घालून घ्यायला आला होता. "छान हात आहे रे तुझा," म्हणाला होता. त्यानंतर महिन्याभराने एकजण त्याच कुलपाच्या किल्लीचा ठसा घेऊन आला. साबणाच्या वडीवर.

किल्ल्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी उस्ताद एक गोष्ट सांगतो. किल्ली घेऊन येतो तो गिऱ्हाईक, साबण घेऊन येतो तो चोर. यात समजायला काही नव्हतं. तेवीस वर्षांच्या किल्लीवाल्यालाही सगळं समजलं होतं. पण साबणावरून किल्ली काढणं सोपं नसतं. ठसा पसरतो, दात बोथट उमटतात, अंदाजाने घासावं लागतं. त्याला आपला हात किती तयार आहे ते बघायचं होतं. तेल घालताना कुलपाचं पोट त्याने पाहिलंच होतं. किल्ली अशी बनली की लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. आवाज झाला नाही. आवाज झाला असता तर म्हातारा जागा झाला असता, दार उघडायच्या आत ओरडला असता, चोर पळाले असते. आवाज झाला नाही म्हणून ते त्याच्या खाटेपर्यंत पोचले. त्यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला, हातपाय बांधले आणि माल घेऊन गेले. म्हातारा गुदमरून मेला.

एवढा चांगला हात होता त्याचा.

किल्लीवाल्याला चार वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर गाव बदललं, पण धंदा बदलता आला नाही, दुसरं काही येतच नव्हतं. बायकोला लग्नाआधी सगळं सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. मुलीला मात्र कधीच सांगितलं नाही. आधी ती लहान होती म्हणून, मग ती मोठी झाली म्हणून.

मुलगी लग्न करून सरहद्दीपलीकडे गेली, तिला पोर झाली. बायको महिन्यापूर्वी तिकडे गेली. आता जावयाला समुद्रापार नोकरी लागली होती. रविवारी ते सगळे निघणार होते आणि परत कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आज शुक्रवार. नात चौदा महिन्यांची होती आणि त्याने तिला फक्त फोनच्या पडद्यावर बघितलं होतं.

"अहो, 'नाही'वर खूण करा आणि या," बायको फोनवर म्हणाली होती. "बत्तीस वर्षांपूर्वीचे कागद वाळवीने खाल्ले असतील. तुमचा खरेपणा दोन दिवस ठेवा बांधून. पोर 'आबा, आबा' करते हो, भिंतीवरच्या कॅलेंडरला आबा म्हणते!"

म्हणून सकाळी या इमारतीत, दोरीने बांधलेल्या पेनाने, त्याने खूण केली. आणि लगेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने शेजारी बघितलं. बसमध्ये सहा तास शेजारच्या सीटवर टोपी धरून बसलेला म्हातारा तिथे नव्हता. रांगेतही नव्हता. आता बाकावरही सोडलेली जागा नुसतीच रिकामी होती, स्वच्छ पुसलेलं लाकूड.

बत्तीस वर्षं ज्याने जावं म्हणून तो तळमळला, तो एका खुणेसरशी उठून गेला होता. किल्लीवाल्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याला दरदरून घाम फुटला.

समोरच्या मोठ्या खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकापलीकडे शंभर पावलांवर पत्र्याची शेड, आणि शेडखाली त्या तिघी. बायकोचा पिवळा स्वेटर लांबूनही ओळखू आला. मुलीच्या कडेवर एक लाल ठिपका होता. तो ठिपका सारखा हलत होता.

"कोण, किल्लीवाले? या आत."

मोठे साहेब म्हणजे निवृत्तीला टेकलेला, जाड चष्म्याचा माणूस. त्याने टेबलावर पितळी पट्टी ठेवली, तिच्यावर काळी शाई रुळाने पसरली आणि कोरा कागद सरळ केला.

"मशीन नवीन आलंय, पण राबणाऱ्या माणसाचा हात त्याला कळत नाही," तो म्हणाला. "गवंडी आला की रडतं, धोबी आला की रडतं. द्या हात."

किल्लीवाल्याने हात दिला.

मग जे झालं ते त्याने केलं नाही, त्याच्या हाताने केलं. मनगट ढिलं पडलं. अंगठा नखाच्या कडेवर आपोआप वळला. मान भिंतीकडे फिरली. साहेबाने अंगठा शाईत या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवला, कागदावर लोळवला, आणि उचलायच्या आतच पहिलं बोट पुढे आलं, बाकीची तीन मुडपून घेतलेली. ते झाल्यावर मधलं आलं.

साहेब थांबला. मधलं बोट त्याच्या चिमटीत तसंच राहिलं.

"मान इकडे करा."

किल्लीवाल्याने मान वळवली.

"इथे यायच्या आधी बारा वर्षं मी पोलीस ठाण्यात हेच काम केलं," साहेब हळू आवाजात म्हणाला. "साधा माणूस बोट ताठ करतो. दाबतो. स्वतःच फिरवायला जातो आणि शाई फासून ठेवतो. कितीही सांगा, हात सोडत नाही. हात ढिला सोडायला माणूस एकाच ठिकाणी शिकतो."

 किल्लीवाल्याला तो पहिला शिपाई आठवला. 'हात ढिला सोड भडव्या, बोट मी फिरवतो.' दोन कानाखाली खाल्ल्यावर हात ढिला पडला होता. तो पुन्हा कधी ताठ झालाच नव्हता.

"किती वर्षं?" साहेबाने विचारलं.

"चार."

"कशाबद्दल ते मी अजून विचारलेलं नाही. नीट ऐका. या कागदावर उमटलंय काय? डाग. तुमच्या बोटांवर काही शिल्लक नाही. मी लिहितो, ठसे मिळत नाहीत, डॉक्टरचा दाखला आणा. तुम्ही परत जा. महिन्याभरात दाखला घेऊन या, मी निवृत्त झालेला असेन. चौदाव्या रकान्याशी माझा संबंध नाही."

"आणि 'होय' लिहिलं तर?"

"तर खास परवानगी. सहा महिने, आठ महिने. मिळेलच असं नाही. आज तर दोन्हीकडून नाहीच." त्याने चष्मा काढून पुसला. "तेव्हा उगीच शहाणपणा करू नका. रविवारचं काय ते तुमचं हुकलंच. निदान घरच्यांना सांगायला मशीनचं कारण मिळतंय."

सोन्यासारखी पळवाट होती. ना खोटं पकडलं जाणार, ना पोरीला कळणार. किल्लीवाल्याने फॉर्मकडे बघितलं. त्याचं नाव होतं, बापाचं होतं, धंद्यालाही चौकट होती. मेलेल्या माणसाला कुठे चौकट नव्हती. 'नाही' म्हणजे फक्त शिक्षा झाली नाही एवढंच नव्हतं. 'नाही' म्हणजे असा कोणी म्हातारा नव्हताच.

"साहेब, दुसरा फॉर्म मिळेल?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मशीनला मी सापडत नाही. आता तुम्ही पण सोडताय," किल्लीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मग तो माणूस मेला कोणाच्या हातून? द्या फॉर्म."

 साहेबाने खण उघडून कोरा फॉर्म काढला, समोर सरकवला आणि जुना फाडून टोपलीत टाकला.

चौदाव्या रकान्याखाली तपशिलासाठी दोन बोटं जागा होती. किल्लीवाल्याने लिहिलं: साबणावरून किल्ली बनवली. कशासाठी ते ठाऊक होतं. माणूस मेला.

साहेबाने वाचलं, शिक्का मारला, 'प्रवेश नाही'. मग खिशातला रुमाल काढून शाई पुसायला दिला. "बस तीनला आहे," म्हणाला. "तोवर बाहेरच्या बाकावर बसा. तिथून फाटक दिसतं."

तो बाहेरच्या बाकावर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला.

"बाबा, काय झालं? केव्हाचे आत आहात! मशीन बिघडलंय का? आई म्हणते मशीनचं काहीतरी असणार."

तिकडून बायकोने खोटंसुद्धा तयार ठेवलं होतं. त्याने फक्त हं म्हणायचं होतं. दोन दिवस सगळे मशीनला शिव्या देणार होते आणि रविवारी विमानात बसणार होते.

"मशीन ठीक आहे, पोरी," तो म्हणाला. "मला सोडणार नाहीत. तू ऐक. मध्ये बोलू नको, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्याने साबणापासून सुरुवात केली. कुलपाचं तेल, टोपी, 'छान हात आहे रे तुझा', सगळं सांगितलं. चार वर्षंही सांगितली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. बत्तीस वर्षं तुंबलेलं काम पाच मिनिटांचं निघालं याचा त्याला रागच आला.

पलीकडे मुलीने लाल ठिपका आजीच्या हातात दिला. ती शेडमधून बाहेर आली आणि चालत चालत पार फाटकाच्या दांडीपर्यंत येऊन थांबली. फोन कानालाच होता. मागे बायको एका हाताने नको, नको असं करत होती. ते मुलीला होतं की त्याला, कोण जाणे.

ती फोन ठेवणार असं त्याला वाटलं.

"त्यांचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

त्याने नाव सांगितलं. कोर्टात ते नाव कारकुनाने घेतलं होतं, वकिलांनी घेतलं होतं. त्याने स्वतः एवढ्या वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. 

"घरी कोण होतं त्यांच्या?"

"एक मुलगी. तेव्हा तुझ्याएवढीच असेल. निकालाच्या दिवशी आली होती."

"काही बोलली?"

"नाही. माझ्याकडे बघितलंही नाही तिने."

फोनमध्ये नुसता वारा वाजत होता. एक ट्रक आला, दांडी वर गेली, ट्रक गेला, दांडी खाली आली. दांडीच्या पलीकडे मुलगी जागची हलली नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, फक्त त्याची दिशा कळत होती.

"आत्ता मला काही बोलता येणार नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"बरं."

"पण फोन ठेवू नका."

त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. लांबून नातीचं काहीतरी बडबडणं ऐकू येत होतं, शब्द नसलेलं. तीन वाजायला अजून बराच वेळ होता.

थोड्या वेळाने किल्लीवाला बाकाच्या कडेला सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि पुसूनही काळाच राहिलेला हात त्या बाजूने मांडीवर तसाच सोडून दिला, ढिला. कोणीतरी टोपी काढून बसल्यासारखं बाकाचं लाकूड हलकेच करकरलं. त्याने वळून बघितलं नाही.