आवाज माझा, टाळ्या तिला

बसा, पण जरा बेतानं. माझा मागचा डावा पाय भरवशाचा नाही. मी बोलतेय, तालमीच्या खोलीतली जुनी लाकडी खुर्ची. हल्ली माझं ऐकायला वेळ कुणाला असतो? तुम्ही सापडलात, तर थोडं मन मोकळं करते.

मला भंगारवाल्याकडून उचललं ते एका तरुण कारकुनानं. नोकरी सांभाळून नाटकं लिहिणारा वेडा. एका खोलीचा संसार. बायको स्टोव्हपाशी, मुलगी पाळण्यात आणि हा गडी माझ्यावर. संवाद अडला की तो मागं रेलायचा आणि मी करकरायचे.

"अहो, तिला तेल तरी घाला," बायको वैतागायची.

"नको गं. ती करकरली की मला पुढचं वाक्य सुचतं."

तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कुठल्या खुर्चीच्या डोक्यात हवा जाणार नाही? तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना 'आमचे हे' म्हणते. बायकोला कळलं असतं तर तिनं मला चुलीत घातलं असतं.

पहिलं नाटक सपशेल आपटलं. दुसरं चाललं. मग नोकरी सुटली, हे दिग्दर्शनही करू लागले, वर्तमानपत्रात फोटो यायला लागले, लोक 'सर, सर' करत मागं फिरू लागले. मला तालमीच्या खोलीत आणलं आणि तिथंच माझं दुखणं सुरू झालं.

तालमीत खरं सामान नसतं. राजाचं सिंहासन मी, इस्पितळातली खाट मी, मोटार मी. एकदा तर मला आडवं पाडून विहीर केलं आणि नायिका माझ्या पायांमध्ये वाकून ढसाढसा रडली. महिनाभर भूमिका मी जगायची आणि रंगीत तालमीच्या दिवशी टेम्पोतून खरं सिंहासन उतरायचं. सोनेरी रंग अजून ओला, नाटकाचा गंध नाही, तरी दिव्यांत तेच जायचं.

मी विंगेत. प्रयोग आमचे हे कधी समोरून बघत नसत, विंगेत माझ्यावर बसून बघत. केवढा मान, असं तुम्ही म्हणाल. मला तो मान नको होता. पडदा उघडताना मला स्टेजवर असायचं होतं. आयुष्यात एकदाच, फार नाही. त्या मखमली सोफ्यांचा आणि पितळी पलंगांचा मला असा हेवा वाटायचा की अंगातले खिळे तापायचे.

पुढं नवे लोक आले, यांची नाटकं जुनाट ठरली. केस पिकले, गुडघे धरले. तरी म्हातारपणी यांनी एक नाटक लिहिलं. बाप गेल्यावर घरावरून भांडणारी भावंडं आणि बापाची रिकामी खुर्ची. शेवटी सगळे गप्प होतात आणि ती रिकामी खुर्ची आपोआप करकरते. मी हरखलेच! हे तर माझ्यासाठीच लिहिलेलं.

मुलगी आता त्यांच्या हाताखाली काम करायची. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या अंकात थोरला खुर्ची आपटतो. हिचे तुकडे होतील."

"मग?"

"सुतारकाकांना हुबेहूब दुसरी करायला सांगते."

हे माझ्या हातावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "सांग."

एवढंच! सवत परवडली, पण माझ्याच तोंडवळ्याची सवत?

सुतारकाकांनी काम चोख केलं. माझ्यावरचा चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा तिच्यावर उमटवला. फक्त ती काही केल्या करकरेना. सैल केली की डुगडुगायची, घट्ट केली की मुकी. शेवटी यांनीच तोड काढली. दिव्यांत ती, विंगेत हे माझ्यावर. नेमक्या क्षणी हे मागं रेलायचे, मी करकरायचे आणि प्रेक्षक तिच्याकडे बघून शहारायचे. नाटक तुफान चाललं. फोटो छापून आले, तेही तिचेच.

मग एका सकाळी हे गेले.

पुढचा प्रयोग आधीच ठरला होता, मुलीनं तो रद्द केला नाही. शेवटच्या प्रवेशाला ती विंगेत माझ्यावर येऊन बसली. समोर भावंडं गप्प झाली. ती मागं रेलली.

मी आवाजच केला नाही. म्हटलं, कळू दे आज सगळ्यांना, ती बया मुकी आहे. नट एकमेकांकडे चोरून बघू लागले. मुलगी पुन्हा रेलली. मी गप्पच. मग तिनं डोळे पुसले, माझ्या हातावर बोटं वाजवली, अगदी त्यांच्यासारखी, आणि कुजबुजली, "बाबा, रेला ना."

माझ्याच्यानं राहवलं नाही. अशी करकरले की शेवटच्या रांगेतल्यांनीही श्वास धरला. थोरल्याचं काम करणारा नट खरोखरच रडला. टाळ्या अर्थात तिला.

आता ती नाट्यगृहाच्या दाराशी काचेच्या पेटीत असते. लोक तिच्यासोबत फोटो काढतात. जळते मी, अजूनही जळते. मुलगी नवं नाटक बसवतेय, त्यात सध्या मी झाड आहे. खरं झाड आलं की पुन्हा विंगेत.

पण त्या पेटीवर पाटी लावलीय म्हणे, 'कृपया बसू नये.' बिचारी!

तुम्ही बसलात ना? मग जरा मागं रेला. ऐकलंत? हाच तो.