दर पंधरा मिनिटांनी

खुर्चीवर मांडी घालून तिने डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोखले आणि मागे न बघताच हात वर केला.

"आई, बोलू नकोस. आता होईल."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले. पडद्याच्या मधोमध एक काळा चौकोन उमटला आणि पापणी लवायच्या आत नाहीसा झाला.

"दिसलं?"

"मला रोजच दिसतं," आई म्हणाली. तिच्या हातात आठवीच्या भूगोलाची पानं होती. ती कॉम्प्युटरवर मांडून उद्या सकाळी छापखान्यात द्यायची होती. "म्हातारं झालंय बिचारं. माझेही डोळे लवतात मधूनमधून."

"तुझे घड्याळ लावून लवत नाहीत. चारला झालं, आत्ता सव्वाचारला. म्हणजे कुणीतरी ठरवून दिलंय."

शाळेत कॉम्प्युटरच्या सरांनी सांगितलं होतं की प्रत्येक चोर कडी तोडून येत नाही. एखादा घरातल्या रोजच्या कामांच्या यादीत गुपचूप आपलं नाव घालून जातो. मग यंत्र स्वतःच त्याला वेळेवर उठवतं. तिने ती यादी उघडली. साफसफाई, तारीख जुळवणं, छपाईची तपासणी, अशी सगळी कंटाळवाणी नावं. धान्यातले खडे वेचावेत तशी ती एकेक ओळ बघत गेली. काम कुणी लावलं, कधी लावलं, ते कुणाला उठवतं. सोळाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'आवाज सुधारणा.' दर पंधरा मिनिटांनी.

"आई, आपल्या कॉम्प्युटरला स्पीकर आहे?"

"कुठला. तुझे बाबा म्हणाले होते, तुला कशाला लागतोय."

"मग हा कुणाचा आवाज सुधारतोय?" तिने टाळी वाजवली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. मी सगळीकडे व्हायरस शोधत बसले आणि हे महाशय यादीत पाय पसरून बसलेत."

ते काम जी फाइल उठवत होतं, ती तिने उघडली. चारच ओळी होत्या. त्या ती मोठ्याने वाचू लागली. पडद्याचा फोटो काढ. या फोल्डरमध्ये ठेव. तिथून पाठव.

चौथी ओळ तिने मनातच वाचली. त्यात एक ईमेलचा पत्ता होता. शाळेच्या सूचना बाबांच्या ज्या पत्त्यावर यायच्या, तोच.

तिने पडद्यावरची ती खिडकी लहान केली, मग आणखी लहान, अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत.

"काढून टाकते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला. "फालतू काहीतरी आहे. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे."

"अगं, पण..."

"त्यांचा पत्ता आहे ना?"

तिने खुर्ची वळवली. आई भूगोलाच्या पानांच्या कडा एकसारख्या करत होती.

"तुला माहीत होतं?"

"थंडीत पाठ धरली होती माझी. कुणाला बोलले नव्हते, फक्त तुझ्या मावशीला याच्यावरून लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी यांनी मलम आणलं. मला आधी बरंच वाटलं बघ. मग मुद्दाम मावशीला लिहिलं, छत्री मोडली म्हणून. मोडली नव्हती."

"ती निळी छत्री?"

"दोन दिवसांत आली."



"मग मावशीला आता लिहीतच नाहीस?"

"लिहिते की. काम छान चाललंय, हे छान आहेत, मी छान आहे. सहा महिने मी छानच आहे."

"बाबांशी बोलायचं ना मग."

"तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं. तुला कळू द्यायचं नव्हतं." आईने पानं टेबलावर ठेवली. "मी बाहेरचं काम घेतल्यापासून त्यांना वाटतं, मी हातातून चालले. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं, कुठे चालले ते."

"काढतेच मी ते."

"काढलंस तर नुसते फोटो बंद होतील. त्यांना वाटेल, यंत्र बिघडलं. ऊठ, खुर्ची दे."

ती उठली. मग दबक्या आवाजात तिने विचारलं, "आपण मावशीकडे जाणार का राहायला?"

"ते काय उत्तर देतात, त्यावर आहे."

आईने पडद्यावरची भूगोलाची फाइल बंद केली आणि कोरं पान उघडलं. अक्षरांचे साचे चाळून तिने पहिलीच्या पुस्तकाला वापरतात तो निवडला, सर्वांत ठळक. घड्याळाकडे एकदा पाहिलं. पुढच्या फोटोला, साडेचारला, सात मिनिटं होती. तिने लिहिलं, 'अहो,' आणि बोटं थांबली.

मुलगी तिच्या खांद्यावरून वाकली होती.

"तू बाहेर जा."

"मला सगळं कळलंय आता."

"कळलंय ना. पण हे पत्र त्यांना आहे. दुसऱ्याचं वाचू नये."

ती जिना उतरून खाली आली. बाबा बादली घेऊन स्कूटर धूत होते. बाह्या दुमडलेल्या, फोन शर्टाच्या खिशात. तिला बघून त्यांनी फडकं पिळलं.

"काय इंजिनियरबाई, झाला का कॉम्प्युटर दुरुस्त? की आता नवाच घ्यावा लागणार?"

"बिघडला नव्हता," ती पायरीवर बसत म्हणाली. "एक गोष्ट सापडली. मी काढून टाकत होते. आई म्हणाली, राहू दे."

बाबांचा हात आरशावर थांबला. फडक्यातलं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत गेलं. मग ते पुन्हा तोच आरसा पुसू लागले.

काय सापडलं, ते त्यांनी विचारलं नाही.