तीन बोटांचा शब्द

चष्मेकाकांना गाठी येत होत्या, तंबू ठोकता येत होता, ओल्या लाकडाचा जाळ करता येत होता. नव्हता तो फक्त प्रशिक्षणाचा कागद. सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी त्यांनी शाळेच्या मैदानावर स्काउटच्या पथकाची उस्तवार केली, ती सगळी बिनकागदाची. आधी लेक पथकात होती म्हणून तिला सोडायला जायचे. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून दोऱ्या गुंडाळू लागले. मग लेक मोठी होऊन पथक सोडून गेली तरी हे आपले तिथेच. आता वरून फर्मान आलं होतं की प्रशिक्षण न घेतलेल्या मोठ्या माणसाने मुलांजवळ फिरकायचं नाही. म्हणून बावन्नाव्या वर्षी, ऐन शनिवारी चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून, ते पाचवीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

वर्गात त्यांच्यासारखे चौदा जण होते. शेजारी एक बेकरीवाला होता. त्याच्या पोटामुळे तो बाकात मावतच नव्हता, तेव्हा तो आडवा बसला होता. शिकवायला एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत होते. बाई कडक होत्या. सकाळच्या सत्रात बेकरीवाल्याने काकांच्या डोक्याला असं काही बँडेज बांधलं की त्यांचे दोन्ही डोळे झाकले गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "जखम डोक्याला झालीये. माणूस मेलेला नाहीये." सगळे खो खो हसले. काकाही हसले. त्यांना हे सगळं आवडत होतं, खरं तर. आपल्याला बहुतेक येतंच, या समाधानात ते होते. गाठींच्या तासाला तर बाईंनी त्यांनाच पुढे बोलावलं.

"सुरगाठ हवी तेव्हा धरते, हवी तेव्हा सुटते," काका दोरी ओढून दाखवत म्हणाले. "निरगाठ नको. तंबूला निरगाठ मारली, की मग बसा सुरी शोधत."

हे वाक्य ते दर गुरुवारी एका मुलीला ऐकवायचे. बारा वर्षांची, बारकी, कमी बोलणारी. ती बांधेल ती गाठ कुणाच्या बापाला सुटायची नाही. एकदा तिने बांधलेला तंबू सोडवायला काकांनी स्वतःचे दात वापरले होते, आणि त्या दिवशी त्यांनीच तिचं नाव निरगाठ पाडलं. ती त्या नावाला ओ द्यायची. आवडायचंही तिला ते.

चहाच्या आधीचा तास मुलांच्या सुरक्षेचा होता. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'बोलायचं', दुसऱ्या बाजूला 'बोलायचं नाही'. आणि त्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: मी कुणालाही सांगणार नाही. त्याच्या खाली: सगळं ठीक होईल.

"एखादं मूल विश्वासाने तुमच्याजवळ येईल," बाई म्हणाल्या. "घरचं काहीतरी सांगेल, आणि म्हणेल, कुणाला सांगू नका. ही दोन वाक्यं त्या वेळी जिभेवर आली तर गिळून टाका. जे तुमच्या हातात नाही त्याचा शब्द मुलाला द्यायचा नाही. सांगायचं, की मला हे योग्य माणसांना सांगावं लागेल, पण मी तुझ्यापासून लपवून काही करणार नाही. आणि त्याच दिवशी कळवायचं. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी."

चष्मेकाका ती दोन वाक्यं वहीत उतरवत होते, ते पहिल्याच वाक्यावर थांबले.

नऊ दिवसांपूर्वी, गेल्याच्या गेल्या गुरुवारी, सगळी मुलं पांगल्यावर निरगाठ सामानाच्या कपाटापाशी रेंगाळली होती. काका खुंट्या मोजत होते. तिने आधी विचारलं, अंडी किती दिवस टिकतात. मग विचारलं, बाहेर ठेवली तर. मग हळूहळू सगळं आलं. आई तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या गावी कामाला म्हणून गेली होती. आठ दिवसांत येते म्हणाली होती. आता तिचा फोन लागत नव्हता. वडील नव्हतेच. घरात ही आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ. त्याला शाळेत ती सोडायची, आणायची, जेवायला घालायची. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, आईची कामाची पाळी बदललीये, ती उशिरा येते.

"पण तुम्ही कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "मागे आई दवाखान्यात होती ना, तेव्हा आम्हाला सरकारी बालगृहात नेलं होतं. मुलींचं घर वेगळं असतं आणि लहान मुलांचं वेगळं. दोन महिने. तो बोलायचाच बंद झाला, काका. मी परत आले तरी पंधरा दिवस बोलला नाही."

मग तिने मान वर करून विचारलं, "स्काउटचा शब्द?"

आणि काकांनी उजवा हात वर केला. तीन बोटं सरळ, अंगठा करंगळीवर. या पथकात तीन बोटं दाखवून दिलेला शब्द कुणी मोडत नाही, हे त्यांनीच पोरांना सहा वर्षं घोकून घोकून शिकवलं होतं. तेव्हा त्यांना काय वाटलं म्हणाल, तर खोटं कशाला बोला, छाती फुगली होती. आख्ख्या जगात हिला आपल्यावर विश्वास ठेवावासा वाटला! तेव्हापासून ते रोज दुकान बंद करून पाव, दूध, अंडी असं तिच्या दारात ठेवून येत होते. बायकोने विचारलं तर म्हणायचे, एका गिऱ्हाइकाची तब्येत बरी नाही. परवाच्या गुरुवारी तिच्या मनगटावर टपोरा फोड दिसला. तवा लागला म्हणाली. काकांनी पेटीतलं मलम काढून सुरेख पट्टी बांधली, आणि आपण किती छान पट्टी बांधली म्हणून स्वतःवरच खूश झाले. आता त्यांना त्या पट्टीची लाज वाटली.

"चला, आता करून बघू," बाई म्हणाल्या. "चष्मेवाले, तुम्ही मूल व्हा. बेकरीवाले, तुम्ही पथकप्रमुख."

काकांच्या हातात एक कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं की मोठा भाऊ मारतो, असं सांगायचं. काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तोंड उघडलं, तर निघालं भलतंच.

"अंडी बाहेर ठेवली तर किती दिवस टिकतात?"

बेकरीवाला गडबडला. हा प्रश्न त्याच्या धंद्यातला निघाला. "उन्हाळ्यात? चार-पाच दिवस धरा," तो म्हणाला. वर्ग हसू लागला.

"कुणाला सांगू नका," काका म्हणाले. "स्काउटचा शब्द?"

बेकरीवाला मनाने फार चांगला माणूस. समोर बावन्न वर्षांचा टकला बाप्या बसलाय हे तो विसरलाच. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "नाही रे बाळा. मी कुणालाही सांगणार नाही."

वर्गात हास्याचा स्फोट झाला. कुणीतरी बाक बडवला. बेकरीवाल्याने फळ्याकडे पाहिलं, जीभ चावली, आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसू लागला.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "चांगली माणसंच हे म्हणतात. वाईट माणसाला कुठलं मूल येऊन सांगतंय?" पण बोलताना त्या बेकरीवाल्याकडे पाहतच नव्हत्या. काकांच्या हातातलं कार्ड त्यांनी हळूच काढून घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "चहा घ्या सगळ्यांनी. चष्मेवाले, तुम्ही जरा थांबा."

वर्गाचं दार बाईंनी सताड उघडं ठेवलं. तोही नियमच होता. काका आधी म्हणाले, की ओळखीच्या एकाची गोष्ट आहे. मग काकांनी सगळं सांगितलं, फोडासकट.

"नऊ दिवस," बाई म्हणाल्या.

"मी रोज जातो हो बाई. रोज बघतो. दूध नेतो."

"गॅस कोण बंद करतं तिथे? ताप आला तर रात्री कुणाला उठवायचं?"

काका अंगठ्याने बाकावरचा शाईचा डाग घासत राहिले.

"तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण आता मला कळलंय. तुम्ही फोन नाही केला तर मला करावा लागेल."

"त्यांना एकत्र ठेवतील?"

"मी विचारीन."

"नाही, पण ठेवतील का?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं नाही, पण काकांनी पाहिलं. "मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

बालकल्याणाच्या कार्यालयाला फोन काकांनीच केला. पलीकडच्या माणसाने नाव, पत्ता, वय असं एकेक विचारून घेतलं. दोघांना एकाच ठिकाणी ठेवा, हे काकांनी तीनदा सांगितलं. "तशी नोंद करतो," तिन्ही वेळा उत्तर आलं. काकांनी एकच हट्ट धरला, की मुलांना न्यायला गाडी पोचायच्या आत मला तिला स्वतः सांगू द्या. बाई म्हणाल्या, एकट्याने नाही, मी येते. तेव्हा बेकरीवाल्याला वर्गावर बसवून दोघं निघाले. वाटेत काकांनी सवयीने दूध घेतलं. घेतल्यावर पिशवीकडे बघून त्यांना कळेना, हे आता कशाला.

दार निरगाठने उघडलं. आधी काका दिसले तेव्हा तिचा चेहरा खुलला. मग त्यांच्या मागे बाई दिसल्या, आणि बाईंच्या काखेतली फाईल दिसली.

"कोण आहे?" आतून धाकट्याने ओरडून विचारलं. "पाववाले काका?"

घर स्वच्छ होतं. दोरीवर शाळेचे दोन गणवेश वाळत होते, चिमटे लावून. गॅसच्या वर भिंतीला कागद चिकटवला होता. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: बटण बंद केलं का. काका जमिनीवरच बसले, तिच्या उंचीला येण्यासाठी. तेही सकाळीच शिकवलं होतं. मग जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. एकही वाक्य चुकलं नाही. योग्य माणसांना सांगावं लागलं, तुझ्यापासून लपवून काही केलं नाही, चूक तुझी नाही. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी गुण पडले असते.

"तीन बोटं दाखवली होती तुम्ही," निरगाठ म्हणाली.

"हो."

"मला वाटलं तुम्ही कागद घ्यायला गेलाय. आमचं पथक चालू राहावं म्हणून."

"त्यालाच गेलो होतो गं."

ती रडली नाही. रडली असती तर काकांना काहीतरी करता आलं असतं, पाणी तरी देता आलं असतं. ती आत गेली आणि धाकट्याचे कपडे पिशवीत भरू लागली. तिला हे करायची सवय होती हे बघून बाईंनीसुद्धा खिडकीकडे तोंड फिरवलं.

गाडी चारच्या सुमाराला आली. कार्यालयाच्या बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण बोलायला मऊ होत्या. एकाच ठिकाणी दोन जागा आज कुठेच नाहीत, त्या म्हणाल्या. शनिवार आहे. सोमवारी साहेब आले की बघू. काकांनी विचारलं, माझ्या घरी ठेवू का, आमची लेकीची खोली रिकामीच आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यालाही कागद लागतो, आणि तो मिळायला महिने लागतात. काका म्हणाले, मग सोमवारपर्यंत मी तुमच्या दारात बसून राहतो. बसा की, त्या म्हणाल्या, पण त्याने जागा होत नाही हो. काकांच्या हातात दुधाची पिशवी तशीच होती. धाकटा गाडीच्या आरशात तोंडं वेडीवाकडी करून बघत होता. त्याला कुणी अजून पुरतं सांगितलंच नव्हतं.

निरगाठ गाडीपाशी थांबली आणि वळली.

"सोमवारी तो माझ्याजवळ येईल?" तिने विचारलं. मग हळूच, आवाज खाली आणून, "स्काउटचा शब्द?"

काकांचा हात खिशातून निघाला, आपोआप निघाला. अंगठा करंगळीवर गेलासुद्धा. मग त्यांना फळा आठवला. दुसरी ओळ: सगळं ठीक होईल. नऊ दिवसांपूर्वी हीच अक्कल असती तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि असती तरी ही गाडी नऊ दिवस आधी आली असती एवढंच, असंही आलं. दोन्हीकडून सारखंच. हात त्यांनी परत खिशात घातला.

"मी रोज विचारायला जाईन," ते म्हणाले. "ते माझ्या हातात आहे. बाकीचं मला माहीत नाही, बेटा."

तिने मान डोलवली. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. मग ती खाली बसली आणि धाकट्याच्या बुटांची नाडी ओढून बांधू लागली. एक गाठ, तिच्यावर दुसरी, दातओठ खात तिसरी. दुसऱ्या बुटालाही तशीच. काकांना लांबूनही कळलं कुठली गाठ आहे ती.

"अगं, इतकी घट्ट कशाला?" कार्यालयाच्या बाई म्हणाल्या. "रात्री काढायचे कसे?"

"त्याला बांधता येत नाही," ती म्हणाली. "तिथे कुणी बांधून देत नाही." मग तिने काकांकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने तिला आणि सगळ्या पोरांना गाठी शिकवल्या होत्या, त्याला विचारावं तसं विचारलं, "काका, ही सोमवारपर्यंत सुटणार नाही ना?"

काका वाकले. दोन्ही गाठी त्यांनी बोटांनी दाबून पाहिल्या, ओढून पाहिल्या.

"नाही," ते म्हणाले. "ही नाही सुटणार."