फळ्यावरचे पंचवीस आकडे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. तेजोबाबांच्या फळ्यावर एक ते पंचवीस आकडे वाकडेतिकडे विखुरले होते आणि बँकेतला एक कारकून घामाघूम होऊन ते क्रमाने शोधत होता. लागली पंचावन्न सेकंदं. बाबांनी त्याच्या कपाळाला बोट लावलं, पेलाभर ‘तेजोजल’ पाजलं. दुसऱ्या खेपेला तोच गडी पस्तिसात मोकळा. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

"मेंदूची जळमटं धुतली गेली," बाबा म्हणाले. "आता पथ्य नको, पावडरी नकोत, डॉक्टरांची मनधरणी नको."

तिसऱ्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. मांडीवरच्या पिशवीत पावडरचा डबा होता, बाबांच्या पायाशी टाकून द्यायला आणलेला. लेकीला जन्मापासून फेनिलकीटोन्युरिया. प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला पचत नाही, तो रक्तात साठतो आणि थेट डोक्याला त्रास देतो. म्हणून दूध, अंडी, डाळी बंद. बाकीचा घासन्‌घास काट्यावर तोलायचा आणि दिवसातून तीनदा तो घटक वगळलेल्या प्रथिनांची ती कुबट वासाची पावडर प्यायची.

"सुटशील गं एकदाची," आई पुटपुटली. "मीही सुटेन."

आई थकली होती, यात खोटं काहीच नव्हतं. पण गेल्या वर्षी पोरीने बंड करून दोन महिने चोरून चीज चापलं होतं, तेव्हा एकच ओळ चार-चारदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हती. सोपी गणितंही अर्ध्यावरच अडायची. रक्ताच्या तपासणीने चोरी पकडली, पथ्य पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठे डोकं हळूहळू ताळ्यावर आलं. तेच डोकं हा माणूस तिच्याकडून काढून घ्यायला निघाला होता. तिला सणसणून राग आला.

ती उठून थेट फळ्यापाशी गेली. "मी दोनदा करते. पाणी न पिता."

"बाळ, आधी श्रद्धा..."

"आधी घड्याळ लावा."

पहिल्यांदा पन्नास सेकंदं, दुसऱ्यांदा चौतीस.

"एकदा शोधले की आकडे कुठे आहेत ते लक्षात राहतं," ती म्हणाली. "एवढाच काय तो चमत्कार."

मग तिने फळा पुसला, आकडे नव्या जागी लिहिले आणि कारकूनकाकांना पुन्हा बोलावलं. तेजोजल पोटात असूनही काका सत्तावन्नावर गेले.

"हिच्या शंकेने लहरी बिघडल्या," बाबा गरजले.

"लहरी बिघडल्या, की आकडे हलले?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग हसू रांगारांगांतून पसरलं. पोरगी मात्र हसली नाही. "काका, तुम्हाला फसवलं त्यात तुमची दोन-अडीच मिनिटं गेली. मी फसले तर माझं डोकं जाईल. कुणी जादू दाखवली तर एवढंच म्हणा, पाणी न पाजता करून दाखवा. आणि पथ्य सोडायला सांगणाऱ्याला विचारा, रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे?"

तिसऱ्या रांगेतून आई उठली. डबा घेऊन ती मंचावर आली, तेव्हा पोरीला वाटलं, आता तो बाबांच्या पायाशी पडणार. आईने बाबांच्या हातातून तेजोजलाचा पेला घेतला, पिशवीतल्या चमच्याने मोजून त्यात पावडर टाकली आणि ढवळून तो लेकीपुढे धरला.

"पी. दुपारची राहिली होती."

त्या कुबट वासाने बाबांनी नाक दाबलं. पोरगी त्यांच्याकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.